मागून ‘बराबर!’ म्हणणारा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी टिंगल करणारा मी. तेव्हा वारा, प्रतिध्वनी, मनाचे खेळ वगैरे खुलासे मला पाठवू नका... ते सगळे माझे स्वतःचे करून झालेत.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आम्ही जालन्याच्या सात-आठ तरुणांनी डोंगर चढायचा क्लब काढला होता. पुढारी बंकटभैया, कापडवाल्यांचा मुलगा, आवाज खणखणीत. मार्गशीर्षातल्या प्रत्येक रविवारी एक डोंगर, असं ठरलं. मदन सगळ्यात जाड. फाल्गुनात त्याचं लग्न होतं आणि त्याआधी त्याला पोट उतरवायचं होतं. हळू चालायचा, म्हणून त्याला कायम सगळ्यांच्या मागे ठेवत.

आमचा एक नियम होता. उतरताना मागे वळून बघायचं नाही... मुरमावरून पाय सटकतो. भैया पुढून ओरडायचा, “मागं बराबर?” मागचा ओरडायचा, “बराबर!” तेवढ्यावर रांग पुढे चालायची.

तिसऱ्या रविवारी राजूरच्या पलीकडे, केदारखेड्याच्या बाजूच्या डोंगरावर गेल्तो. सकाळी लवकर माथा गाठला आणि लगेच उतरायला लागलो. भैयानं हाक दिली. मागून मदनचा आवाज, “बराबर!” निम्म्यात मला काहीतरी कण्हल्यासारखं वाटलं. मी तसं सांगितलं, तेव्हा भैया थांबला. “मदन, दुखून राह्यलं का काही?”

“न्हाई न्हाई, चला जल्दी. लग्नाच्या आधी उपाशी मारता का मला?”

सगळे हसलो. मीही.

पायथ्याशी शेवटची हाक झाली, “बराबर!” आलं, अगदी पाठीशी. आम्ही वळलो तर मागे कोणीच नाही. मदन थट्टेखोर, लपला असेल असं वाटलं. त्याचा डबा भैयाच्या पिशवीत होता; आम्ही बसून त्याच्याच डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या. तो पुऱ्यांसाठी तरी येईल म्हणत होतो.

दुपारी माथ्याजवळच्या घळीत सापडला. कंबर मोडली होती, पण शुद्धीत होता. उतरायला लागलो तेव्हाच, पहिल्या हाकेच्याही आधी, तो पडला होता.

“मी वरडून राह्यलो होतो,” तो मला म्हणाला. “तुम्ही थांबले बी होते. मंग त्यानं माझ्या आवाजात काय तरी म्हणलं, अन् तुम्ही हसत निघून गेले.”

“कोणी?”

“तुमच्या मागं चालून राह्यलं होतं ते. त्यानं एक डाव वळून माझ्याकडं पाह्यलं.”

बैलगाडी राजूरला पोचायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणला असता तर जगला असता. त्या आवाजाचा मला आजही संताप येतो. पडलेल्या माणसाला असं छळून कोणाला काय मिळालं?

क्लब तिथंच मोडला. दहाव्याला मदनच्या आईनं भैयाला विचारलं, “लय घाबरला होता का रे माझा मदन?”

भैयानं खाली बघितलं. “न्हाई काकी. खाली येईस्तोवर थट्टा करून राह्यला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

काकींना तेवढाच आधार झाला. पुढे आल्या-गेल्या प्रत्येकाला त्या हेच सांगायच्या, आणि मी समोर असलो की म्हणायच्या, “इचारा याला, यानं ऐकलंय.”

मी मान हलवायचो. ऐकलं तर होतंच. कोणाचं, ते आजतागायत कळलेलं नाही.