पानावरचा अंगठा
चुन्यात मळलेल्या तंबाखूचा वास आला की माझ्या पोटात ढवळतं. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची एक कागदी नोट मी दोन वर्षं मन मारून मिळवली होती. तळहातात मावेल एवढीशी, आणि मागच्या बाजूला झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा, त्यातली शीर न शीर दिसायची. ती आली त्याच दुपारी बायकोचा भाऊ सेलूहून आला. कापसाचा दलाल, गालात तंबाखू कायमची. मी हात धुऊन, चिमट्यानं नोट काढून स्वच्छ रुमालावर ठेवली. "खरी हाय का पण, दाजी?" म्हणत त्यानं अंगठा जिभेवर फिरवला आणि मी ओरडेपर्यंत त्या पानावर खसाखसा घासलासुद्धा. "शाई पक्की हाय. तोंड काय वाकडं करायलाव? आमी बाजारात नोट अशीच बघतो." पानाच्या मधोमध तपकिरी, ओला डाग पडला होता, अंगठ्याच्या रेषांसकट. मी मोरीकडे पळालो आणि भडाभडा ओकलो. पुढे कितीतरी महिने त्याच्याशी बोललो नाही. परवा परभणीतल्या प्रदर्शनात तीच नोट मी डागासकट मांडली होती. एक म्हातारे संग्राहक भिंग घेऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "हा अंगठा त्या काळातल्या माणसाचा?" मी म्हणालो, "हो, अडीचशे वर्षांपूर्वीचा." त्यांनी नोटेला हात जोडले. माझ्या पोटात तसंच ढवळून आलं, आणि तंबाखूचा वास तर आसपास कुठंच नव्हता.