खोट नसलेलं औषध

इतवारीच्या बाजारपेठेत आमचं लुगड्यांचं दुकान होतं, आणि बाबांचा एक रिवाज होता. गिऱ्हाईक समोर बसलं की ते लुगडं पूर्ण उलगडायचे, दाराच्या उजेडात धरायचे आणि कुठं धागा तुटला असेल, कुठं रंग फिका पडला असेल, तिथं स्वतःच बोट ठेवायचे. "हे पाहून घ्या बाई, मग भावाचं बोलू." भिवापूर-उमरेडकडच्या बाया बाकीची दुकानं सोडून आमच्याकडे यायच्या त्या यासाठीच. ज्याच्या मालात एकही खोट निघत नाही तो दुकानदार लबाड, असं बाबा छातीठोकपणे सांगायचे. हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते एखाद्या भोळ्या माणसाच्या हातून झालं असतं तर मला एवढा राग आला नसता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. आईच्या मानेला गाठी आल्या, मग काखेतही आल्या. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर बाबांना आणि मला आत बोलावलं. आई बाहेर बाकावर बसली होती. तिचा रोग, पण तिला आत बोलवायची रीत नव्हती. कॅन्सर हा शब्द तेव्हा लोक दार लावून उच्चारत. डॉक्टरांनी तो सरळ उच्चारला. नेहमीच्या औषधांनी या गाठी काही दिवस दबतात आणि पुन्हा येतात, म्हणाले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात काही औषधं एकत्र देऊन पाहण्याचं काम चाललं आहे, ती त्यांच्या देखरेखीत इथंही देता येतील.

"गुण येईल ना?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "काहींना आला, काहींना नाही. उलट्या होतील, केस जातील, दर वेळी रक्त तपासावं लागेल. फार त्रास झाला तर थांबवू. नको म्हणालात तर जुनी औषधं देईन, मला राग नाही. हे अजून पारखणंच चाललं आहे, शेठजी. मी खात्री दिली तर ते खोटं होईल."

मला तो माणूस आवडला. बाबा मात्र जिन्यातच भडकले. "त्यालेच माहीत नाही, अन् माह्या बायकोवर करून पाहतो म्हणते! ती काय उंदीर हाये?"

आठवडाभरात शेजारच्या दुकानदारानं एका वैद्याचं नाव सुचवलं. भिवापूरच्या पुढं, एका खेड्यात राहणारा. आम्ही एसटीनं गेलो. ओसरीवर गर्दी होती. वैद्यराजांनी आईची नाडी धरली, डोळे मिटले आणि गाठीला हातही न लावता म्हणाले, "दिवाळीपर्यंत विरघळते. कागदावर लिहून देऊ काय? फक्त पथ्य कडक. मीठ, तिखट, आंबट बंद. अन् डॉक्टरची गोळी पोटात गेली तर मग माह्याकडे यायचं नाही."

परतताना बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, डॉक्टरनं खोट दाखवली, यानं एकही दाखवली नाही. तुम्हीच सांगता ना, लबाड कोण ते?"

"लुगडं अन् बाई एक असते काय वं?" ते ओरडले, अख्खी एसटी वळून बघायला लागली. "लुगडं फाटलं तर दुसरं भेटते. हिले काई झालं तर दुसरी माय आणशील काय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई खिडकीबाहेर बघत होती.

भिवापूरची लेक ती. मिरचीच्या वखारीशेजारी वाढलेली, ठेच्याशिवाय घास न उतरणारी. तिच्यापुढं अळणी पेज यायला लागली. वैद्यराजांच्या पुडीतली करडी पूड ती निमूट गिळायची. पहिल्या महिन्यात मानेची गाठ जरा बसल्यासारखी वाटली. वैद्यराज म्हणाले, विरघळून राहिली. बाबांनी पेढे वाटले. मग गाठ दुप्पट झाली. वैद्यराज म्हणाले, औषध विष बाहेर ओढून राहिलं. गाठ बसली तरी औषधाचा गुण, वाढली तरी औषधाचाच गुण. मी एकटी धंतोलीला गेले. डॉक्टर म्हणाले, अजूनही आईला घेऊन या, बघू काय करता येतं. बाबांनी आणू दिलं नाही. पथ्य मोडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणाले.

दिवाळी आली तेव्हा आईला मान वळवता येत नव्हती. एका दुपारी ती मला म्हणाली, "पोरी, मले ठेचा देनं वं." मी तिच्या माहेरच्या मिरच्या तव्यावर भाजल्या, मीठ-लसूण घालून पाट्यावर ठेचल्या आणि भाकरीच्या तुकड्यावर बोटभर दिलं. तिनं डोळे मिटून खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. त्या सगळ्या महिन्यांत तिला मिळालेलं तेवढंच एक खरं औषध, असं मी आजही म्हणते. चार दिवसांनी ती गेली.

तेराव्याला वैद्यराज आले, जेवले, हात धुता धुता म्हणाले, "पथ्य मोडलं असंन." बाबांनी मला विचारलं, "तू काई देल्लं काय तिले?" मी म्हटलं, "हो, ठेचा दिला." संपलं. बाबांना हवं होतं ते मिळालं. वैद्यराजांच्या औषधानं आजवर एकही माणूस मेला नव्हता. जे मेले ते सगळे पथ्य मोडून मेले.

पुढं कधीतरी मी डॉक्टरांना गाठून विचारलं, ती औषधं मिळाली असती तर आई जगली असती का? "माहीत नाही," ते म्हणाले. "ज्यांना दिली त्यातले काही अजून तपासायला येतात. काही गेले. गेले त्यांचंही आम्ही मुंबईला कळवतो. ते लपवलं तर पुढच्याला काय द्यायचं, हे कधी कळणारच नाही." मी रडत रडत घरी आले, पण निदान मला कुणी फसवलं नव्हतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भिवापूरकडची एक बाई दुकानात आली. लेकीच्या लग्नाची लुगडी घ्यायची होती. बोलता बोलता म्हणाली, नवऱ्याच्या गळ्यात गाठ आली आहे. बाबा लगेच पुढं सरकले. "मंग वैद्यराजाकडे जा ना बाई. तुमच्या गावाच्या पुढंच राह्यते. दवा एक नंबर हाये."

मी आतून आले. म्हटलं, "बाई, धंतोलीला जा. त्या वैद्यानं माझ्या आईला मारलं."

बाबांच्या हातात लुगडं उलगडलेलं होतं. नेहमीसारखं त्यांनी ते उजेडात धरलं, तुटक्या धाग्यावर बोट ठेवून तिला दाखवलं आणि मग तेच बोट माझ्याकडे केलं.

"दवा चांगलीच होती बाई. पथ्य हिनं मोडलं."

बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, लुगडं घडी करून मांडीवर घेतलं आणि बाबांना वैद्याच्या गावाचं नाव पुन्हा एकदा विचारलं.