चौदावी ताटली

पॉवरलूमच्या शेडमध्ये सुताची गुंतवळ साठते ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. कुणी आणून टाकले कळत नाही, पण कोपरा भरलेला असतो! मी सांगायला लागले की मैत्रिणी विचारतात, "तू शाळेत इंग्रजी शिकवायचीस की भुतं?" इंग्रजीच शिकवलं हो. हे सगळं रिटायर झाल्यावर सुरू झालं.

आमच्या गावात शनवारा पेठेच्या मागच्या गल्लीत बंद पडलेली एक लूमची शेड आहे. माग भंगारात गेले, फरशीवर त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. तिथं आम्ही म्हातारी कुत्री सांभाळतो. आम्ही म्हणजे तिघं. विमलताई, खकनारकडच्या केळीवाल्या घरातल्या, त्या रांधतात. पाटीलदादा, जनावरांच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर, ते औषधपाणी बघतात. आणि मी फॉर्म भरते.

पुण्याची एक संस्था आहे, ती फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी ग्रँट देते. शेडचं भाडं त्यातूनच जातं. दरवर्षी ग्रँट नव्यानं मंजूर व्हावी लागते. नाही झाली तर मालक शेड केळीच्या पॅकिंगला देणार आणि आमची ही आंधळी-लंगडी मंडळी पुन्हा रस्त्यावर! ही टांगती तलवार कायम डोक्यावर असते, म्हणून आधीच सांगून ठेवते.

*

पहिल्याच फॉर्मात एक रकाना होता, 'वयाचा पुरावा'.

मी विमलताईंना वाचून दाखवलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "टीचर, माह्याच जन्माचा दाखला नाही अजून, या लंगड्याचा कुठून आणू?"

शेवटी दादांनी एकेकाचं तोंड उघडलं, दात बघितले आणि वयं लिहून दिली. संस्थेनं उलट विचारलं, इतक्या खात्रीनं कसं सांगता? दादा मला म्हणाले, "लिहा टीचर, कुत्रं वय लपवत नाही." आणि माझ्या रंगवलेल्या केसांकडे बघून हसले!

*

पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये नवा प्रश्न आला. प्रत्येक कुत्र्याचं अंदाजे किती आयुष्य उरलं आहे?

दादा स्टेथोस्कोप घेऊन बसले. विमलताई म्हणाल्या, "कशाला छाती ऐकू राहिले? कोपऱ्यातल्या मागाच्या जागेवर कोण झोपलं ते बघा ना!"

आणि ते खरंच होतं. आमची कुत्री आपापल्या जागा सोडत नाहीत. पण एखादं उठतं, रांगत-सरकत कोपऱ्यातल्या खुणांच्या मधोमध जाऊन पडतं. मग चार-पाच दिवसांत जातं. आत्तापर्यंत हे चुकलेलं नाही.

"तिथली फरशी गार आहे," दादा म्हणायचे. "शेवटी अंगाची आग होते. सायन्स आहे हे."

एकदा दादा उन्हाचे दमून आले आणि खुर्ची ओढून नेमके त्याच कोपऱ्यात टेकले. विमलताई हातातला डाव टाकून ओरडल्या, "दादा, उठा तिथून!"

सायन्सवाले दादा खुर्चीसकट उठले.

*

आता चाचांबद्दल. चाचांनी याच शेडमध्ये जन्मभर माग चालवला होता. शेड बंद झाली, पण राखणीची कुत्री राणी तिथंच राहिली. तिला भेटायला ते रोज दुपारी चारला काठी टेकत यायचे. आमच्याबरोबर चहा घ्यायचे. बिनसाखरेचा, कारण डायबिटीस. विमलताईंनी चुकून साखर टाकली तर कप बाजूला सारून म्हणायचे, "क्यूँ बेटी, जल्दी भेजना है क्या?"

सुरुवातीला आम्ही कुत्र्यांना हाका मारमारून दमायचो. एकही कान हलवायचं नाही. चाचा हसले. "लूम के कुत्ते हैं, सब बहरे. इनको जमीन से बुलाओ." आणि त्यांनी फरशीवर काठी तीनदा आपटली. ठक, ठक, ठक. सगळी उठून उभी! पायांना हादरा कळतो त्यांच्या. तेव्हापासून विमलताईही जेवणाला तशीच काठी आपटतात.

एका शुक्रवारी चार वाजले, चाचा आले नाहीत. विमलताई कणीक मळत होत्या, मी पेपर वाचत होते, दादा एका कुत्र्याचा कान साफ करत होते. काठी कुणीच आपटली नव्हती. आणि सगळी कुत्री एकदम उठून दाराकडे तोंड करून उभी राहिली.

राणी शेपूट हलवत रिकाम्या दारापर्यंत गेली. मग वळली आणि मान वर करून, कुणाच्या तरी पावलाबरोबर चालावं तशी हळूहळू परत आली.

"शेजारचे माग सुरू झाले असतील," दादा म्हणाले. "जमीन हादरते."

"दादा, आज शुक्रवार," मी म्हटलं. "शुक्रवारी सगळ्या गल्लीचे माग बंद असतात."

संध्याकाळी कळलं, चाचा दवाखान्यात वारले. चार वाजता. मला त्या रात्री खूप रडू आलं.

*

आमच्याकडे एक रीत आहे. विमलताईंनीच पाडली. कुत्रं गेलं की तेराव्यापर्यंत त्याची ताटली रोज वाढायची. "माणसाचं लोकं करतात, याइचं कोण करीन?"

ताटली रात्री भरून कुत्र्यांना न पोचणाऱ्या उंच कट्ट्यावर ठेवायची, शेड बंद करायची. सकाळी लख्ख. दादा म्हणायचे, मांजर. हे सिद्ध करायला त्यांनी एकदा ताटलीभोवती पीठ पसरून ठेवलं. सकाळी ताटली चाटूनपुसून साफ आणि पिठावर एकही पाऊल नाही.

दादांनी फडकं घेऊन पीठ झाडून टाकलं. म्हणाले, "मांजर हुशार आहे."

*

चाचांनंतर महिनाभरात राणी कोपऱ्यात सरकली आणि गेली. मी तेव्हा मुलीकडे जळगावला होते आणि तिथं गेल्यावर आठवण झाली की आज ग्रँटच्या रिपोर्टची शेवटची तारीख! फोन करून विमलताईंना विचारलं, "कितीजण आहेत?" त्यांनी ताटल्या मोजल्या. "चौदा." मी जुनी यादी, फोटोंसकट, तशीच पाठवून दिली. राणी गेल्याचं मला परतल्यावर कळलं.

कुत्री तेरा होती. चौदावी ताटली राणीची होती.

संस्थेचा नियम कडक. खोटी माहिती दिली तर ग्रँट कायमची बंद. आणि पाहणीला मॅडम येणार असल्याचा फोन आलेला! जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि आता मी? मी सगळं कागदावर लिहिलं, चूक माझी आहे म्हणून सही केली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

मॅडम आल्या तो दिवस राणीचा तेरावा होता. मी पर्स उघडेपर्यंत त्या यादी आणि फोटो घेऊन आत शिरल्यासुद्धा. मोजताना आमच्यापैकी कुणी जवळ नको, हाही नियमच. आम्ही तिघं बाहेरच्या ओट्यावर बसलो. चार वाजायला आले होते.

ओट्याचा दगड हादरला. तीनदा.

मी विमलताईंकडे बघितलं. त्यांची काठी त्यांच्या मांडीवर होती.

मॅडम हसत बाहेर आल्या. "चौदाच्या चौदा हजर! सही केली मी."

मी पर्समधला कागद काढून पुढे केला. त्यांनी वाचला, परत वाचला. "राणी गेली? असं कसं? ती पांढऱ्या तोंडाची, कोपऱ्यातली ना? आधी उठतच नव्हती. आजोबांनी काठी आपटली तेव्हा उठली."

"कोण आजोबा?" विमलताईंनी विचारलं.

"आतले, तुमचेच कुणीतरी असतील ना? तेच एकेकाचं नाव सांगत होते मला." त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली. "मी मोजलेत, मी खोडणार नाही." आणि त्या रिक्षात बसून गेल्या.

आत जायला कुणीच उठेना. विमलताई हळूच म्हणाल्या, "दादा, आता सांगा. मांजर का?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"विमलताई," ते म्हणाले, "आत एक चहा नेऊन ठेवा. बिनसाखरेचा."