धाकटीचे ड्रम

चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला काचा घासत बसणाऱ्या त्या उंच, काटकुळ्या माणसाला सगळे अजून खिळाच म्हणतात. हे नाव त्याला कोवळ्या वयात पडलं, ‘फ्यूज उडाला’ नावाच्या बँडमध्ये. बँड म्हणजे तिघंच. गिटारवर खिळा, बेस वाजवत गळा फाडून गाणारा त्याचा दोस्त भोंगा, आणि ड्रमवर खिळ्याची मावसबहीण, धाकटी. पंक रॉकचा धांगडधिंगा घालायला वाजवता यायची गरज नाही, असा भोंग्याचा सिद्धांत होता. त्यामुळे तिघांचं छान जमायचं.

सराव चाले धाकटीच्या बाबांच्या टायरच्या गोदामात. तिथेच एका खडखड्या टेपरेकॉर्डरवर त्यांनी पहिली चार गाणी भरली. धाकटी तालात सुरू करायची आणि रंगात आली की लय वाढवत पळत सुटायची. मागून हे दोघे धापा टाकत यायचे. गाणं संपलं की तिघंही हसून हसून टायरांवर लोळायची.

मग भोंग्याने कुठलीशी ओळख काढून खऱ्या स्टुडिओत एक दिवस मिळवला. तिथल्या रेकॉर्डिंगवाल्याने सकाळभर ऐकलं आणि खिळ्याला बाहेर बोलावलं. मागोमाग भोंगाही आला.

“पोरगी धावतेय रे. हे असंच काढलंत तर लोक हसतील. माझा एक माणूस बसलाय, तो वाजवेल. तिला कशाला सांगतोस?”

भोंगा भिंतीकडे बघत राहिला. बहीण खिळ्याची, तेव्हा बोलायचं खिळ्यावर आलं. तो आत जाऊन म्हणाला, “झालं तुझं. झकास वाजवलंस. जा घरी, मावशी वाट बघत असेल.”

“खरंच झकास?”

“अगं, खरंच.”

ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत जिना उतरली. त्या माणसाने जेवायच्या आत सगळी गाणी वाजवून टाकली. तिसऱ्या गाण्यात तर त्याने असा गडगडाट केला की भोंग्याच्या तोंडून कौतुकाची शिवी निघाली.

कॅसेट निघाली, शाळा-कॉलेजांतून हातोहात फिरली. वर छापलं होतं, ‘ड्रम: धाकटी’.

“दादा, हे तिसऱ्यातलं मी वाजवलंय?” ती डोळे विस्फारून म्हणाली. “मला आठवतच नाही!”

“तंद्रीत होतीस,” खिळा म्हणाला.

धाकटी हट्टाला पेटली. तो गडगडाट पुन्हा हाताला लागावा म्हणून ती रोज गोदामात घाम गाळू लागली. तळहातांना फोड आले, फुटले, परत आले. खिळा टायरांवर बसून बघायचा. पुढे बघवेना, तसा अभ्यासाचं निमित्त करून तो जायचाच बंद झाला. भोंगा शिकायला परगावी गेला. बँडने वर्षही काढलं नाही. धाकटीने ड्रम विकून टाकले.

“माझा हात गेला, दादा,” एवढंच म्हणाली.

ती फिजिओथेरपिस्ट झाली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. घरी कोणी आलं की मुली कॅसेट लावायच्या, “ऐका, आमची आई!” तेवढ्यात खिळा हटकून पाणी प्यायला उठायचा.

यंदा जुन्या रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या एक बाई त्याच्याकडे आल्या. गोदामातली टेप त्यांना भोंग्याकडून मिळाली होती. ती आणि स्टुडिओतली गाणी त्यांना एका रेकॉर्डवर एकत्र काढायची होती. गिऱ्हाईक नव्हतं, खिळ्याने टेप लावली. धाकटी पळत होती, कोवळ्या आवाजातला तो स्वतः ओरडत होता, “अगं थांब!” आणि भोंगा गाता गाता हसत होता. त्यापुढे स्टुडिओतली गाणी इस्त्री केल्यासारखी वाटली. लोक हसले असते तर काय बिघडलं असतं?

“ड्रमवर दोन्हीकडे धाकटीच ना?” बाईंनी विचारलं.

“विचारून सांगतो,” तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात धाकटी चाळिशी करायला दुकानात आली. तिच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्याने सांगून टाकलं. आधी तिला थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

“तिसऱ्यातलंसुद्धा?”

“तेही.”

“त्याच्यापायी मी हाताची सालटी काढली. तू समोर बसून बघत होतास.”

“हो गं.”

“कोण होता तो? नाव काय त्याचं?”

खिळ्याला नाव ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“म्हणजे त्याचंही नाव खाल्लंस,” ती म्हणाली आणि फ्रेम काउंटरवर ठेवून निघून गेली.

खिळ्याने चष्मा तयार केला, तो न्यायला तिचा नवरा आला. एरवी तास तास गप्पा हाणणारा माणूस, उभ्या उभ्या घेऊन गेला.

खिळ्याने बाईंना सगळं सांगितलं. “कशाला मढी उकरतोस?” म्हणून भोंगा फोनवर तडकला, पण खिळा ऐकेना. त्या वाजवणाऱ्याचा शोध लागला नाही. रेकॉर्डवर छापून आलं, ‘गोदाम, ड्रम: धाकटी. स्टुडिओ, ड्रम: नाव माहीत नाही.’

रेकॉर्ड घेऊन खिळा तिच्या घरी गेला. तिच्या थोरल्या मुलीने दार उघडलं, उभ्यानेच वाचलं.

“मामा, हे असं का लिहिलंय?”

‘आईला विचार’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले, पायरीवर बसला आणि तिला पहिल्यापासून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि रेकॉर्ड घेऊन आत गेली.

आतून धाकटीचा आवाज आला, “गेला का तो?”

“नाही. पायरीवर बसलाय.”

“बसू दे.”