कुंकू पुसून बसा

हे मी लिहावं की नाही, ते अजून ठरत नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. शब्द कमी पडतील. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

"बाई, कुंकू पुसून बसा."

मदत मंडळाचे चिटणीस माझ्या आईला म्हणाले. सगळ्यांसमोर. हातात ओला रुमाल धरून.

बऱ्हाणपुरात राजपुऱ्याजवळ एक बंद जीन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्यात आम्ही निर्वासित. रझाकारांनी गाव पेटवलं म्हणून निजामाच्या हद्दीतून पळून आलेले. आबा, माझे वडील, गोठ्यातले बैल सोडायला मागं थांबले. "व्हा पुढं, आलोच," म्हणाले. अर्धा पावसाळा सरला, आले नाहीत. अजिंठ्याच्या घाटाकडून आमच्या गावची माणसं आली की मी विचारायचो. ती चुलीकडे बघत बोलायची. माझ्याकडे नाही.

शहरानं आम्हाला पोळ्या दिल्या, केळी दिली, औषध दिलं. ते विसरलेलो नाही. पण घोंगड्या थोड्या होत्या. आधी विधवांना, असं मंडळानं ठरवलं. आणि त्या दिवशी देणगीदार बघायला येणार होते.

"माझा मालक जित्ता हाय," आई म्हणाली.

"अहो, घडीभराचं काम. मेहमान येऊन राहिले. विचारतील, नवरा कुठं आहे? तुम्ही म्हणणार, काय माहीत! अशानं कोणाचं दिल पिघळतं?" चिटणीस माझ्याकडे वळले. "तू तर शिकलेला दिसतो. समजव ना आईला. बहीण खोकते ना तुझी? मग म्हण, बाप गेला. बस."

मागून कोणीतरी हसलं. "मेला म्हटल्यानं माणूस मरते का रे!"

धाकटी गया ओल्या फरशीवर पडलेली. श्वासाला छातीतून शिट्टी वाजत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला. रुमालासाठी.

मी तो रुमाल मधेच घेतला आणि फेकला. तेवढ्यात मोटार फाटकात आली. देणगीदारांसमोर जाऊन म्हणालो, "माझे वडील जिवंत आहेत की नाहीत, मला माहीत नाही. बहीण आजारी आहे. घोंगडी तिच्यासाठी पाहिजे."

"सदमा बसलाय पोराला," चिटणीस हसून म्हणाले.

घोंगडी मिळाली नाही. आईनं आणि मी गयेला मधे घेऊन निजवलं. ती जगली. खोकला राहिला. थंडी वाजते, एवढं सांगून पुरत नव्हतं. दुःख त्यांच्या मापाचं लागत होतं. हे मला तिथं कळलं.

पुढे हिंदी फौज निजामाच्या मुलखात शिरली. रस्ते उघडले. दिवाळीआधी फाटकावर आरडाओरडा ऐकला. गावातले आमचे शेजारी कासीमचाचा उभे होते. रखवालदार त्यांना ढकलत होता, "हे तुझ्यासाठी नाही." फौज आल्यावर त्यांचंही घर जळलं होतं. ते आमच्याच लोकांनी जाळलं.

मी त्यांना हात धरून आत आणलं. पोळी पुढे केली. त्यांनी बाजूला सारली.

"आधी ऐक, बेटा. तुझे आबा पहिल्याच रात्री गेले. गोठ्यात. माफ कर, अग्नी मीच दिला. दुसरं कोणी उरलं नव्हतं."

आईनं कुंकू पुसलं. स्वतःच्या हातानं. सावकाश.

सकाळी चिटणीस घोंगडी घेऊन आले. "आता काही अडचण नाही," म्हणाले.

मी ती घेतली आणि चाचांच्या खांद्यावर टाकली.

"याला? हा कोण लागतो तुझा?"

चिटणिसांनी एक टोक ओढलं. दुसरं मी धरून ठेवलं. शेवटी त्यांनीच सोडलं.

आज मीही वाटपाला उभा राहतो. समोरचा कुडकुडतो आहे का, एवढंच बघतो. रांगेतल्या माणसाला तुझं कोण मेलं, असं विचारणारा माझ्या शेजारी उभा राहणार नाही. राहिला, तर मी त्याला तिथून हटवीन. सगळ्यांसमोर.