अकरा दहाची नोंद

मी मेडिक्लेमच्या ऑफिसात खोटे क्लेम पकडते. दिवसभर हेच केल्यावर घरी येऊन डोकं काय वेगळं चालणार? सासूबाईंना चक्कर येते, हे मला मुळीच पटत नव्हतं. मी माहेरी जायला निघाले की यांना चक्कर. नणंदेचा फोन आला की यांच्या छातीत धडधड. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो म्हणायचा, तुला सगळीकडे तेच दिसतं.

तीनदा घरून, पेणकरपाड्याहून, रिक्षा केली. काशीमीऱ्याच्या सिग्नलला ट्रकांमध्ये अडकत हॉस्पिटल गाठेपर्यंत बाईसाहेब टवटवीत आणि कार्डिओग्राम स्वच्छ! झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? डॉक्टर म्हणाले, ठोके अधूनमधूनच चुकत असतील तर असे सापडत नाहीत, चोवीस तासांचं मशीन लावू. मी एका पायावर तयार झाले. आता चोरी पकडली जाणार होती.

छातीला चिकटवलेल्या वायरी, कमरेला डबी आणि सोबत एक कागद. कधी काय केलं, कधी काय त्रास झाला, ते वेळेसकट लिहायचं. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून कागद माझ्याकडे आला. मी रजा टाकली आणि पाळत ठेवून बसले.

सकाळी त्या खाटेवर बसून वाल सोलत नणंदेशी फोनवर बोलत होत्या. मध्येच फोन बाजूला ठेवून म्हणाल्या, डोळ्यांपुढं काळोख आला गं. लेक ऐकतेय म्हटल्यावर येणारच काळोख! मी घड्याळ बघून लिहिलं: ११.१०, फोनवर गप्पा. लिवलंस का, असं त्यांनी विचारलं. लिहिलं, म्हटलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. अकरा दहाला सासूबाईंचं हृदय चार सेकंद थांबलं होतं. मग डॉक्टरांनी माझा कागद मोठ्याने वाचला.

"फोनवर गप्पा. म्हणजे तेव्हा यांना काहीच त्रास झाला नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"मीच सांगितलं न्हाय तिला," त्या म्हणाल्या.

परक्यासमोर सुनेची अब्रू झाकली बाईने. डॉक्टर म्हणाले, त्रास होत नसेल तर पेसमेकरची घाई नको, महिन्याभराने पुन्हा मशीन लावून बघू. महिनाभर! तेवढ्यात या जिन्यावरून पडल्या असत्या तर?

"सांगितलं होतं त्यांनी," मी म्हणाले. "मीच लिहिलं नाही. मला वाटलं, नाटक करतात."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला, नोंद दुरुस्त करा म्हणाले. मी खाडाखोड करून लिहिलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि टेबलापलीकडे धरला.

"तुम्ही वाचा, डॉक्टर."