कलिंगड घेऊन बेटावर

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्या ह्यांना डोंगर दिसला की चढायची खुमखुमी यायची. धरणाच्या पाण्यात एक उंच बेट होतं, झाड नाही की हिरवी काडी नाही. त्याचं टोक गाठायचंच असं ह्यांनी ठरवलं, आणि मला आणि माझ्या नणंदेला बरोबर घेतलं.

पाण्याऐवजी ह्यांनी मोठं कलिंगड घेतलं. "तहान आन् भूक, दोन्ही भागतंय," म्हणत टॉवेलात बांधून पाठीवर टाकलं. होडीवाल्यानं बेटावर सोडलं. दिवस कलला की न्यायला येतो म्हणाला.

मुरूम पायाखालून घसरत होता. नणंद सारखी विचारायची, "दादा, आता फोडूया की!"

"टोकावर. खरी चव तिथंच."

टोकावर पोचलो तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती. ह्यांनी कलिंगड खाली ठेवलं आणि चाकूसाठी खिसे चाचपले. चाकू घरीच राहिला होता. फोडायला दगड शोधायला वळले, तेवढ्यात कलिंगड डुगडुगलं आणि पलीकडच्या उतारावरून सुटलं.

"धरा, धरा!" हे त्याच्या मागे, नणंद ह्यांच्या मागे, आणि हातात चपला घेऊन मी दोघांच्या मागे.

खाली एक म्हातारबाबा म्हशी राखत बसले होते. त्यांच्यापुढच्या दगडावर कलिंगड आपटलं आणि त्यांचं पांढरं धोतर लाल ठिपक्यांचं झालं.

"पावणं, हाक मारायची की! कलिंगड कशाला मारतायसा?"

धापा टाकत ह्यांनी माफी मागितली, मग विचारलं, "मामा, ह्या म्हशी होडीतनं आणल्या व्हय?"

"होडी कशाला? ह्या अंगाला पाणीच न्हाय. चालत आलोय. त्यो बघा रस्ता, एस्टी येती तिथं."

नणंद आणि मी हसून हसून खालीच बसलो. ह्यांना मात्र हसू येईना. म्हशींनी तोंड घालायच्या आत हाताला लागल्या तेवढ्या फोडी आम्ही चौघांनी खाल्ल्या.

रस्त्यावर एस्टी आली. आम्ही दोघी चढलो, हे चढेनात.

"होडीवाला वाट बघत बसंल की," म्हणाले आणि पुन्हा टेकडीला लागले.

दिवेलागणीनंतर मंगळवार पेठेतल्या घरी पोचले, तोंड लालबुंद. सासूबाईंनी दिलेला तांब्या एका दमात रिकामा केला आणि छाती काढून म्हणाले, "दोन्ही अंगांनी चढलोय!"